पडद्याच्या पुढल्या बाजूला

कौसा गेल्याचं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा मी गच्चीत ज्वारी वाळत घालत होते. "मावशी, आई गेल्या पहाटे," एवढंच ती बोलली. परभणीहून मिळेल त्या एसटीनं पालम गाठलं तेव्हा तिला उचलायची तयारी चालली होती. गर्दीत माझ्या पुढं दोन म्हातारे उभे होते. एक दुसऱ्याला विचारत होता, "पिच्चरपायी घर फोडलं, तीच ना ही?" दुसऱ्यानं मान हलवली. माझ्या डोळ्यातलं पाणी तिथल्या तिथं आटलं. बाई तिरडीवर आहे आणि ह्यांना पिच्चर आठवतोय! महिना उलटून गेला तरी तो राग गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. कौसानं घर फोडलं नाही. जे झालं ते मी शेजारच्या दारातून पाहिलंय, म्हणून हे लिहायला बसले.

मी पुढं परभणीला राहायला गेले, पण तेव्हा आमची दोघींची घरं पालमला एका भिंतीची. मी लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात तीही आली, कौसल्या नावाची, पण त्या नावानं तिला कुणीच हाक मारली नाही. तिचा नवरा मुंजाजी म्हणजे बोलण्याच्या बाबतीत अगदीच कंजूष माणूस. मी त्यांना भाऊजी म्हणते. घरात हुकूम चालायचा तो थोरल्या दिराचा, दत्तरावांचा. शेतात काय पेरायचं इथपासून ते घरात चहा कधी टाकायचा इथपर्यंत सगळं ते ओसरीवर बसून ठरवायचे. कौसा त्यांना दादा म्हणायची, डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही, आणि तरी मनात आलेलं बोलून टाकायची. बोलल्यावर जीभ चावायची, पण ते बोलून झाल्यावर. त्याचा काय उपयोग?

सुगी आटोपली की बाजारच्या मैदानात तंबूचा सिनेमा यायचा. आजच्या वाचकांना सांगायला हवं, की त्या तंबूत पडदा मधोमध असे. मशीनच्या बाजूला पुरुष बसत आणि पडद्याच्या मागल्या बाजूला आम्ही बायका. कापडातून चित्र आरपार दिसायचं, पण उलटं, आरशात दिसावं तसं. आम्हाला सगळे नायक डावखुरे. तलवार डाव्या हातात, आशीर्वादही डाव्या हातानं. पाटीवरची अक्षरं उलटी दिसायची तर आम्ही ती उलटीच वाचायला शिकलो होतो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. बसायला सतरंजी आणि सोबत शेंगा असल्या की झालं.

त्या वर्षी तंबूवाल्या चाचांनी भलताच सिनेमा आणला. विलायती, पण हिंदीत बोलणारा. ओठ एक बोलायचे आणि आवाज दुसरंच. जीपवर भोंगा लावून गावभर पुकारलं, "आसमान फटेगा, सितारे टूटेंगे!" सगळं पालम लोटलं. पडद्यावर एक यान आलं, ते येतच राहिलं, संपेचना. अख्ख्या पडद्याला पुरून उरलं. मग दोन चंद्र असलेलं आभाळ, उजेडाचा समुद्र, त्यात उतरणारी मुंगीएवढी माणसं... गाणं एक नाही, हाणामारी नाही, नायिका डोक्यावर काचेचा हंडा घालून हिंडणारी. मध्यंतराच्या आधीच पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. बरेच उठून गेले. आमच्या बाजूची एकही बाई हलली नाही. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळलं नाही, मधे माझा डोळाही लागला. जागी झाले तर कौसा गुडघ्यांना मिठी मारून बसलेली, तोंड उघडं, शेंगा तशाच ओटीत. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शकू, एवढ्या मोठ्या आभाळात आपले दादा केवढे दिसतील गं?" आणि अशी हसली की पुढच्या बाईनं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात दोन तट पडले. शिंप्याच्या दुकानात, स्टँडवर, पारावर दुसरा विषय नाही. कुणी म्हणे नुसती रोषणाई, गोष्टीचा पत्ता नाही. कुणी म्हणे असला पिच्चर जन्मात पाहिला नव्हता. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, वर पोकळीत आवाज नसतो, तेव्हा सगळं झूट. एक म्हातारा यावर नाराज, की एवढं आभाळ पालथं घातलं आणि देव कुठं दाखवला नाही. दत्तरावांच्या ओसरीवर तर रोज बैठक. त्यांचा निकाल ठरलेला होता, "बेकार पिच्चर. चाचाला सांगून टाकलंय, देवाचा लाव म्हणून." कौसा चहाचे कप घेऊन आली होती. मी दारात उभी होते. ती कप ठेवता ठेवता म्हणाली, "दादा, मला तर लय आवडला."

"तुला काय कळतंय?" दत्तराव म्हणाले. "तुमी मागून पाह्यला. तिकडून सगळं उलटं दिसतंय. उलट्या पिच्चरवर काय बोलायलीस?"

सगळे हसले. इथं दुसरी कुणीही आत गेली असती. कौसानं पदर नीट केला आणि विचारलं, "शेवटाला ते यान कुणीकडं गेलं, दादा?"

"उजवीकडं."

"तसं नका सांगू. ओढ्याकडं गेलं का स्टँडकडं?"

दत्तरावांनी मनातल्या मनात तंबू उभा केला असावा. मैदानाच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला एसटी स्टँड. "ओढ्याकडं," ते म्हणाले.

"आमच्याकडूनबी ओढ्याकडंच गेलं. मंग उलटं कोणाचं झालं?"

ओसरीवरचा शिंपी मोठ्यानं हसला आणि तिथंच सगळं बिघडलं. भावजयीनं चारचौघांत तोंड बंद केलेलं दत्तरावांना सोसणारं नव्हतं. "समोर बसून पाह्यचं नशिबात लागतंय," ते कडाडले. "बायकांचं मत धरून पिच्चर चालत न्हाईत."

"नशिबाचं राहू द्या," कौसा म्हणाली, "समोर जागा हाय का न्हाई ते चाचांनाच इचारते."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली, उद्या विसरेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी, मागं नळावरच्या साऱ्या बाया. पोरं कडेवर, पायात कुणाच्या चपला तर कुणाच्या नाहीत. मीही निघाले. नामांतराची वर्षं होती ती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटून विझलेला, पुन्हा कधी पेटेल याचा नेम नव्हता. चार माणसं एका दिशेनं चालली की लोक दुकानाच्या फळ्या लावायला घ्यायचे. बाजारात पोलिसानं आम्हाला अडवलं. "मोर्चा कशाचा?"

"पिच्चरचा," कौसा म्हणाली.

तो बिचारा गोंधळला. "म्हंजे कोणत्या बाजूचा?"

"पुढल्या बाजूचा!"

त्यानं काठी बगलेत घेतली आणि आम्हाला जाऊ दिलं. तंबूपाशी चाचा खाटेवर पडले होते, धडपडून उठले. कौसानं सांगितलं, हा पिच्चर काढायच्या आधी एक खेळ आम्हाला समोरून पाहायचाय. चाचांनी कपाळाला हात लावला. "बाई, तंबूचा दस्तूर हाय. माझ्या बापाच्या वक्तापासून. तुमी पुढं बसल्यावर माणसं कुठं बसतील?"

"मागं. आमी बसतोच की."

"माणसं मागं न्हाई बसायची."

"मंग न्हाई बसायची," कौसा म्हणाली. "पर चाचा, देवाचा पिच्चर लावाल ना, तवा आमची बाजूबी रिकामी राहील. बगा इचार करून."

देवाच्या सिनेमाला तंबू कुणामुळं भरतो हे चाचांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, तंबूकडं पाहिलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "एक खेळ. आखरी. उद्या."

ही बातमी आमच्या आधी घरी पोचली. भिंतीपलीकडून मला दत्तरावांचा आवाज शब्दन् शब्द ऐकू येत होता. "माणसांना मागं बसवून तू पुढं बसणार? खुशाल जा. पर गेलीस तर ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई." कौसा काय बोलली ते ऐकू आलं नाही. मुंजाभाऊजींचा तर आवाज कधी ऐकूच येत नसे... त्या संध्याकाळी ती पाणी भरायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी म्हणाले, जाऊ दे, एका पिच्चरसाठी कशाला? तर माझ्यावरच उखडली. "पिच्चरसाठी कोण जायलंय? माझ्या मताला काय म्हनले ते ऐकलंस ना तू? उलटं. का तर मी जिथं बसवलं तिथं बसले म्हणून. ह्यांनीच मागं बसवायचं आणि ह्यांनीच म्हनायचं, मागून काय दिसतंय!" मी तिची घागर उचलून दिली.

आणि ती गेली. नेसूचं चांगलं लुगडं, केसात फूल, जशी काही जत्रेला. आम्ही सगळ्या पुढल्या बाजूनं आत शिरलो. बाहेर पुरुषांचा घोळका उभा. कुणी हसत होतं, कुणी घाण बोलत होतं. आत कुणीच यायला तयार नाही. इतक्यात मुंजाभाऊजी आले. काखेत सतरंजी. कुणाकडं न बघता पडद्याला वळसा घालून मागं गेले आणि आमच्या रोजच्या जागेवर सतरंजी अंथरून एकटेच बसले. बाहेर "बायलोबा, बायलोबा" असा गिल्ला झाला. थोड्या वेळानं शिंपी गेला, मग आणखी दोघं-तिघं. यान पडद्यावर आलं, स्टँडकडून ओढ्याकडं. कौसा पाठ ताठ ठेवून बसली होती. या वेळी हसली नाही, बोलली नाही. अगदी शेवटचा उजेड विझेपर्यंत तिनं पापणी हलू दिली नसेल.

बाहेर पडताना मी विचारलं, "काय गं, कसा वाटला समोरून?"

"तसाच हाय," ती म्हणाली. "काईच वेगळं न्हाई."

"मग एवढं रामायण कशासाठी केलंस, बाई?"

"हेच पाह्यचं होतं मला. सगळं तसंच हाय, शकू. तिकडूनबी तसंच दिसत होतं. आजवर ह्यांनी उगंच..." मला वाटलं रडतेय. रडत नव्हती, संतापली होती.

घराला आतून कडी होती. मुंजाभाऊजींनी दार वाजवलं नाही. ती दोघं त्या दिवशी माझ्या घरी जेवली, आणि जेवता जेवता भाऊजी म्हणाले, "वेगळं राहू." लग्नानंतर मी ऐकलेलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य ते. पुढं रीतसर वाटण्या झाल्या. नवरा-बायको ओढ्याकाठच्या तुकड्यात कुडाच्या भिंती घालून राहिली, मग दगडमातीचं घर झालं, मग विटांचं. आणि गावानं कायमचं ठरवून टाकलं, की कौसानं पिच्चरपायी घर फोडलं. मी विचारते, कडी कुणी लावली होती? आतून लागलेली कडी बाहेरची बाई कशी लावेल? एवढा साधा सवाल इतक्या वर्षांत एकाच्या डोक्यात आला नाही.

ती मात्र यावर कधी कुढली नाही. "पिच्चरवाली" म्हणून कुणी हाक मारली तर ओ द्यायची. शाळेचं संमेलन असो, कीर्तन असो, ग्रामसभा असो, कौसा पहिल्या रांगेत. मागं सरका म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायची, आणि कान तिचे शेवटपर्यंत चांगले होते. मागच्या वर्षी नातीनं तिला नांदेडला नेऊन असाच एक आभाळातला सिनेमा दाखवला. डोळ्यांना चष्मा लावून. परत येताना वाट वाकडी करून परभणीत माझ्याकडं उतरल्या. नात मोबाईलमध्ये बघून सांगत होती, की या सिनेमावरून जगभर भांडणं चाललीत, निम्मे लोक म्हणतात थोर, निम्मे म्हणतात नुसता दिखावा. कौसा पाय चोळत बसली होती. म्हणाली, "निम्मे कुठं बसलते, ते इचार आधी." मी हसून हसून बेजार झाले. ती आमची शेवटची भेट...

तेराव्यानंतर मी पुन्हा ओढ्याकाठच्या घरी गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. ओसरीवर पुरुष बसलेले, मधोमध काठी टेकून दत्तराव, आता पार थकलेले. आम्ही चार-पाच बाया एकदमच आलो आणि रीतीप्रमाणं बाजूच्या बोळातून मागल्या दाराकडं वळलो. पाय आपोआपच तिकडं वळतात, मेले. तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, "वहिनी!" मुंजाभाऊजी उठून उभे होते. हातानं खांब धरलेला.

"मागून कामून जायलाव? इकडून या."

दत्तराव म्हणाले, "अरे, माणसं बसलीत. बाया बसतील की आत."

भाऊजींनी त्यांच्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही, तो त्यांना चढवता येतच नाही. "दादा, ह्या घरात बाया मागं बसत न्हाईत. सरका जरा."

माणसं सरकली. कुणी कुरकुरत, कुणी खाली बघत, पण सरकली. सगळ्यात शेवटी दत्तरावांनी काठी उचलली आणि भिंतीकडं झाले. आम्ही पुढून आलो, पायऱ्या चढलो आणि ओसरीच्या मधोमध, अगदी समोर बसलो. जागा थोडी कमी पडत होती. पण आमच्यातली एकही उठली नाही, आणि कुणी उठा म्हणालं असतं तरी उठली नसती.