नाकतोड्याची फुलदाणी

वाशीमच्या बाजारातले कासारबुवा बांगडीला नखाने टिचकी मारून ती कुठल्या कारखान्याची ते सांगत. घर सोडून आलेल्या मला रोज अर्धी भाकर देत. एका फुलदाणीपुढे मात्र ते हरत. तिच्यावर काचेचाच नाकतोडा बसला होता. लढाईवर गेलेल्या त्यांच्या मुलाने ती फ्रान्सहून सोबत्याबरोबर पाठवली होती. त्यानंतर त्याचं पत्र नाही.

"कोनं बनवली, वाच ना. त्याले मालूम असन माह्या पोट्ट्याचं."

नाकतोड्याच्या पायाखाली कोरलेली इंग्रजी अक्षरं मी भीतभीत लावली. कारागिराचं नाव निघालं, गाव नाही.

"लिही पत्र. नाव अन् फ्रान्स. कारागिराले सारे ओळखतात."

मी लिहिलं. शाळा सोडल्याच्या लाजेने घरी मात्र वर्षभर एक ओळ लिहिली नव्हती. त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला.

"तुले तं मायचं गावबी मालूम आहे, लेका."