मावशीची हरकत

सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. दवाखान्याच्या चादरी धुवायच्या आणि वस्तीमागच्या मैदानात दोरीवर वाळत घालायच्या, हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. मैदान नगरपालिकेचं, पण दोरीचे खांब तिच्या सासऱ्यांनी रोवलेले. नवरा गेल्यावर त्या खांबांच्या भरवशावर तिने एकुलत्या एका लेकीला वाढवलं, शिकवलं, चांगल्या घरी दिलं. माणसं चांगली, घर मात्र एवढंसं. एका खोलीत सात जणं. जावयाला पाठ टेकायची तर कुणीतरी उठून बसावं लागे.

मग नगरपालिकेने ठराव केला. मैदानावर भाडेकरूंसाठी स्वस्त घरं बांधायची. कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्यावी. मावशीने शेजारच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. लेकीला मुद्दाम सांगितलं नाही. तिच्या जिवाला आधीच काय कमी घोर होते?

सुनावणीला सभागृहात हरकतवाले डावीकडे, घर मागणारे उजवीकडे. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर तिची लेक बसली होती, धाकट्याला मांडीवर घेऊन. तिनेही आईला सांगितलं नव्हतं. नजरानजर झाली आणि दोघींनी माना खाली घातल्या.

साहेबांनी पुकारा केला. मावशी उठली. अर्ज मुठीत घामाने मऊ झाला होता.

"बोला, काय हरकत आहे?"

"होती साहेब," ती म्हणाली. "आता नाही."

साहेबांनी तिच्या नावावर रेघ ओढली.

बाहेर जिन्यात लेकीने तिला गाठलं. "आई, तू बोलली असतीस तरी मला राग आला नसता गं."

"मला आला असता," असं म्हणून मावशीने नातवाचं वाहतं नाक पुसलं आणि कठडा धरत खाली उतरली.

पुढच्याच महिन्यात खांब उपटले. दवाखान्याने थोडे दिवस कळ काढली, मग काम मशीनवाल्यांकडे गेलं. घरं उभी राहायला चार वर्षं लागली. घरं दोनशे, मागणारे अडीच हजार. सोडतीत लेकीचं नाव निघालं नाही. जावयाने दूरच्या शहरात नोकरी धरली आणि लेक बिऱ्हाड घेऊन निघाली. जाताना तिला आईचा हात सोडवेना. मावशीनेच तो हलकेच सोडवला, गाडी चुकेल म्हणून.

आता ती दुसऱ्याच्या दुकानात उभ्याने इस्त्री करते. गुडघे साथ देत नाहीत, पण बसून इस्त्री होत नाही. नव्या इमारतीतले कपडेही तिथेच येतात. एकदा तिथली एक नवी सून गठ्ठा घेऊन आली. बोलता बोलता तिने विचारलं, "आमच्या बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं हो?"

"काही नाही गं," मावशी म्हणाली. "ऊन चांगलं यायचं."

मग तिने शर्ट उलटा केला आणि कॉलरवर पाणी शिंपडलं.