दोन स्टेशनांच्या मधोमध

नेरच्या बाजारात कापसाच्या गाड्या जिथं वळतात, त्या कोपऱ्यावर इकबाल रेडिओवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, पुढं टेबल, मधे पडदा आणि मागं घर. एकसष्ट सालच्या नेरात रेडिओ मोजून पंधरा-वीस. ते सगळे कधी ना कधी त्या टेबलावर पोट उघडून पडायचे. माणूस डॉक्टरपाशी खोटं बोलतो, वकिलापाशी तर बोलतोच. पण रेडिओ इकबालपाशी खोटं बोलत नाही, अशी निदान इकबालची खात्री होती.

रेडिओ आला की हा गृहस्थ आधी बिघाड पाहत नसे. आधी काटा कुठं थांबलाय ते पाही. मग काच काढून आतली धूळ पाही. काटा एकाच जागी फार दिवस उभा राहिला, तर त्याच्यामागं धुळीत काट्याएवढी स्वच्छ रेघ उरते. ती रेघ म्हणजे मालकाच्या मनाचा फोटोच म्हणा ना! बळीराम पाटील चारचौघांत सांगत, "आपण बॉ फक्त बातम्या न् कापसाचे भाव ऐकतो." त्यांची रेघ सिलोनच्या गाण्यांवर. कांताबाईंनी रेडिओ घेतला तो म्हणे सकाळच्या भजनासाठी. इकबालनं आवाजाचं बटण चाचपलं, तर ते झिजून गुळगुळीत! भजन देवासाठी कमी आणि भिंतीपलीकडच्या जावेसाठी जास्त, हे त्यानं तिथंच ओळखलं.

आणि ओळखलेलं पोटात ठेवील तर तो इकबाल कसला! शेजारच्या उकंडा शिंप्याला तो सगळं सांगायचा. उकंडा पायानं मशीन मारत म्हणायचा, "अबे, तू रेडिओ दुरुस्त करून राह्यला का लोकायचे पंचनामे?"

"दोन्ही. पंचनाम्याचे पैसे घेत नाही."

इथवर सगळी गंमत होती. पण मायबाप नसलेली धाकटी बहीण अनवरी त्याच्याच घरी होती, आणि तिची सोयरीकही तो काट्यावरूनच जुळवू लागला. पहिल्या पोराकडचा रेडिओ सिलोनवर सापडला. पोरगा छंदी, नको. दुसऱ्याचा सदानकदा बातम्यांवर. असा माणूस बायकोशी बोलेल कधी? तोही नको. अनवरी बावीस वर्षांची झाली. नेरातल्या बाया म्हणायला लागल्या, की या पोरीला आता रेडिओ नसलेलंच घर पाहा लागन.

तिसरं स्थळ लोहाऱ्याचं. गफ्फारमियाँ पिंजारी, गाद्या-रजया भरणारे. पोरगा अन्सार, हाताला कष्टाची सवय, निर्व्यसनी. येत्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मंगनी ठरली. आता हेही मोडलं तर चौथा कोणी उंबरा चढणार नाही, हे इकबालच्या बायकोनं, मलिकानं, त्याला दोनदा बजावलं होतं. एकदा शब्दांनी, एकदा भांडी आपटून.

तेवढ्यात लोहाऱ्याचा रेडिओ दुरुस्तीला आला. अन्सार स्वतः बसनं घेऊन आला आणि ठेवून गेला. इकबालनं तो उघडला. आत कापसाचा पुंजका अडकला होता, म्हणून आवाज खोकत होता. पाच मिनिटांचं काम. पण सवयीनं आधीच पाहिलेला काटा त्याच्या डोक्यातून जाईना. काटा दोन स्टेशनांच्या मधोमध, जिथं काहीच लागत नाही तिथं! चुकून राहिला म्हणावा, तर काचेच्या धुळीत रेघही नेमकी तिथंच.

त्यानं बॅटरी जोडली. नुसती खरखर. दुपारभर कान लावून बसला. खरखर. संध्याकाळी पुन्हा बसला. ज्या जागी काहीच नाही, तिथं शहाणा माणूस रोज काटा कायले नेईल? म्हणजे काहीतरी आहे, पण ठराविक वेळेलाच आहे. चोरून ऐकायचं आहे.

"सट्टा!" तो उकंडाला म्हणाला. "विलायतेतल्या कापसाचा आकडा. त्याच्यावर लोकं पैसे लावतात. हे लोक ठरल्या टायमाले थो आकडा पकडत असतीन."

"कापसाचा माणूस हाये, कापूस तर ऐकनच. तू विचारून पाह्य ना सरळ."

"सरळ विचारल्यावर कोणी खरं सांगते का?"

आणि त्यानं सरळ न विचारता पोस्टकार्ड टाकलं: रेडिओ तयार आहे. मंगनीचं जरा पुढं पाहू. बंद पाकीट टाकायचं सुचलं नाही, कारण आपल्याशिवाय दुसऱ्याचं वाचणारं जगात आणखी कोणी असेल, असं त्याला वाटतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं खुद्द गफ्फारमियाँ आले. टोपीवर कापसाचे तंतू, हातात कार्ड. बसले नाहीत.

"हे कार्ड माह्यापाशी यायच्या आंधी डाकवाल्यानं वाचलं, चहावाल्यानं वाचलं. बायकोले तर पाणवठ्यावर समजलं. आता तोंडानं सांगा मियाँ, काय पुढं पाह्यचं हाये?"

पडद्यामागं भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. इकबालनं त्यांच्या रेडिओच्या काट्यावर बोट ठेवलं. "तुमच्या घरी कोणतं स्टेशन ऐकतात?"

"ह्या जागी? कोणतंच नाही."

"काटा तर रोज तिथंच राह्यते."

"राह्यते."

"मंग तिथं कायचा आकडा येते?"

"आकडा?" गफ्फारमियाँनी कार्ड टेबलावर आपटलं. "अहो, माहा बाप ऐकते ते! साठ वर्षं कापसाची पिंजण चालवली त्यानं, तिची खरखर कानात बसली. आता डोळे गेले, हात गेले. दुकान नाक्यावर नेलं तसं घर चूप झालं. हा उठून बसे न् विचारे, काम काहून थांबलं रे? झोपच नाही. एक दिवस अन्सार गाणं लावत होता, काटा मधातच राह्यला, खरखर सुरू झाली न् बुढा आडवा झाला. तवापासून पोरगा गाणं ऐकत नाही. बॅटरी एकच. म्हणते, गाण्याले घालू का दादाजानले?"

दुसरा कोणी असता तर विरघळला असता. इकबालच्या मनात आलं, गोष्ट जरा जास्तच चांगली आहे. पडताळा म्हणून त्यानं रेडिओ लावला. खरखर सुरू झाली. आणि गफ्फारमियाँचा उजवा हात, त्यांना कळायच्या आत, पिंजणीच्या तालावर हलू लागला. इकबालनं हळूच रेडिओ बंद केला. हात एवढा ठरवून खोटं बोलत नाही.

"आता मी विचारू?" गफ्फारमियाँ म्हणाले. "तुमच्या घरच्या रेडिओचा काटा कुठं राह्यते?"

उत्तर पडद्यातून आलं, मलिकाचं. "आमच्या रेडिओले काटाच नाही भाईसाब. थो कोणाच्यातरी रेडिओत गेला. व्हॉल्व बळीराम पाटलाच्या. लग्नाले सात वर्षं झाली, एक गाणं पुरं ऐकलं नाही मी. आवाज आला की हे म्हणतात, झालं दुरुस्त, न् बंद करतात."

मलिकाचं म्हणणं खोटं नव्हतं. जगातलं प्रत्येक गाणं अर्धा मिनिट ऐकायचं आणि माणूस पुरा ओळखला म्हणायचं. असा रेडिओ दुसऱ्या कोणाचा टेबलावर आला असता, तर त्या घरात आपण पोरगी दिली असती का? इकबालनं मनातल्या मनात उत्तर दिलं आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

"पोरगी आमाले पसंत हाये," गफ्फारमियाँनी रेडिओ काखेत मारला. "पण भावाचा इचार करा लागन. उद्या माह्या घरच्या चुलीतली राख तपासाले येसान तुमी."

ते दाराशी पोचले. पडद्यामागून अनवरीचा आवाज आला. "चाचा, दादाजानची दुपारची खरखर मी लावत जाईन. त्याईले झोप लागली की बंद करीन. बॅटरी उरली तर गाण्यालेही पुरते."

गफ्फारमियाँ वळले. पडद्याकडं पाहिलं, इकबालकडं पाहिलं, आणि मिशीत हसत पहिल्यांदा खुर्चीवर टेकले. "जुम्म्याची मंगनी जुम्म्यालेच. येऊ आमी."

इकबाल मात्र हिशेब करू लागला. खरखर दुपारची असते, हे गफ्फारमियाँ बोललेच नव्हते. मग हिला कसं ठाऊक? अन्सार रेडिओ ठेवून गेला तेव्हा आपण नमाजाला गेलतो. ठेवायला किती वेळ लागतो? आणि त्याच बसनं परत गेला म्हणे, पण ती बस तर तासाभरानं सुटते!

त्यानं तोंड उघडलं. पडदा बोटभर सरकला आणि मलिकाचा डोळा दिसला. इकबालनं तो डोळा नीट वाचला आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाला, "चहात साखर किती चालन?"