ओट्याखालचे एकवीस दिवस

कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली की तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. हे मला आता कळलंय, पण त्या श्रावणात मी तिच्याशी रोज वाद घालत होते. सकाळी दहाला लॅपटॉप उघडायचा, कानात हेडफोन घालायचे आणि ओट्याखालून आवाज यायचा, कुडुक, कुडुक. विमा कंपनीच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. आठवड्यातले तीन दिवस ते घरून. पलीकडचा माणूस आपल्या तुंबलेल्या क्लेमबद्दल पोटतिडकीनं बोलतोय आणि मध्येच विचारतोय, "मॅडम, तुमच्याकडे काय आहे ते?" काय सांगणार? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत.

आम्ही लालबागला चाळीत तळमजल्यावर राहतो, मी आणि आई. मागच्या दाराबाहेर भिंत आणि चाळ यांच्यामध्ये हातभर रुंदीची गल्ली आहे. वडील गेल्यानंतर आई तिच्या गावाला, कुडाळजवळ, एकदा जाऊन आली आणि येताना खोक्यातून एक कोंबडी घेऊन आली. आजीच्या खुराड्यातली शेवटची. पुढच्याच वर्षी मामांनी ते घर विकलं. आईनं गल्लीत फळ्या ठोकून खुराडं केलं. त्या पहिल्या कोंबडीच्या पिल्लांची पिल्लं होत होत तिसऱ्या पिढीत उरली होती एक तांबडी कोंबडी आणि एक कोंबडा. सोबतीला बाजारातून आणलेली एक पांढरी. आईच्या माहेरातलं जिवंत असं एवढंच शिल्लक होतं. हे ती बोलून दाखवायची नाही, पण घरात पहिला घास कोणाला मिळायचा ते मी बघत होते.

कोंबड्याचं मात्र चाळीत जमेना. तो पहाटे चारला सुरू व्हायचा. कमिटीची माणसं दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा लेखी कागद आला. आई कागदाकडे बघायला तयार नव्हती, म्हणून निर्णय मी घेतला. आषाढ संपत आला होता, गटारीच्या आदल्या दिवशी मी तो नाक्यावरच्या कोंबडीवाल्याला देऊन आले. आई हो म्हणाली होती, म्हणजे नाही म्हणाली नव्हती. गटारीला शेजारच्या प्रत्येक घरातून रश्श्याचा वास येत होता आणि आमच्याकडे मुगाची उसळ होती.

आणि पाचव्या दिवशी तांबडी खुडूक बसली. पिसं फुगवून, डोळे एका जागी लावून, कोणी जवळ गेलं की गुरगुरत. आईनं बोटांवर दिवस मोजले. कोंबडा गेला तरी आठ-दहा दिवस कोंबडीच्या अंड्यांत त्याचा जीव राहतो, असं तिनं मला सांगितलं. तांदळाच्या डब्यात तांबडीची अंडी जपून ठेवलेली होती. त्यातली अकरा निवडली. कोंबडीखाली अंडी विषमच ठेवायची, हा तिचा नियम. प्रत्येक अंड्यावर कोळशानं फुली मारली. ती कशाला, तर पांढरी आगाऊ आहे, तांबडी उठली की तिच्याच जागेवर जाऊन अंडं घालते. फुली नसलेलं अंडं रोज काढून टाकायचं. नाहीतर मागून आलेली अंडी अर्धी कच्ची राहतात आणि आधीची पिल्लं घेऊन कोंबडी उठून जाते. कोंबडा परत यायचा नव्हता, म्हणजे ही अकरा शेवटची.

गल्लीत घुशींचा सुळसुळाट, म्हणून टोपली ओट्याखाली आली. भुसा, वर जुनं लुगडं, गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून कडेला एक लोखंडी खिळा. यापूर्वीची रवणं, म्हणजे अंडी उबवण्याच्या खेपा, आईनं एकटीनं निस्तरली होती. या वर्षी तिचे गुडघे वाकत नव्हते. मग वाकायचं कोणी? ज्याची त्याची मुलगी.

"तिका उठय गो, दोन दाणे खाऊंदे," आई पलंगावरून सांगायची. मी कॉल म्यूट करून ओट्याखाली शिरायची. तांबडी मनगटावर टोचायची. दिवसभर धरून ठेवलेलं ती एकदाच करायची आणि त्या घाणीला जो वास येतो तो मी वर्णन करणार नाही, लोक जेवताना वाचतात. ती पुसायची, तांबडीला गल्लीत सोडायचं, दहा मिनिटांत परत आणायचं, पांढरीला हाकलायचं. माझ्या नाकी नऊ आले होते. कामाच्या कॉलसाठी आईनं कधी टीव्हीचा आवाज कमी केला नव्हता. पण तांबडी बसल्यापासून घरात फोडणीसुद्धा झाकण ठेवून होऊ लागली.

खरं सांगते, मला ती पिल्लं नको होती. पिल्लं म्हणजे पुन्हा खुराडं, पुन्हा कोंबडा, पुन्हा कमिटी. नाही झाली तर हा विषय आपोआप संपेल, असं माझ्या मनात दोन-तीनदा तरी येऊन गेलं.

नवव्या दिवशी आई गुडघ्यांसाठी केईएमला गेली होती. सोबत शेजारच्या काकू होत्या, माझी मीटिंग होती. मीटिंग संपल्यावर मी तांबडीला उठवून गल्लीत सोडून आले, तर टोपलीत एक अंडं फुटलेलं, त्याचा चिकट बलक सगळ्या अंड्यांना लागलेला, वर भुसा चिकटलेला. आणि पांढरी नुकतीच आपलं काम उरकून टोपलीतून उतरत होती. मला शिसारी आली. मी सगळी अंडी उचलून सिंकमध्ये ठेवली, नळ सोडला आणि भांड्यांच्या साबणानं एकेक घासून लख्ख केलं. भुसा बदलला. लुगडं बदललं. मोलाचं काम केल्यासारखी अंडी पुसून परत ठेवली. आई खूश होईल असंच मला वाटत होतं.

आई आली, चप्पल काढायच्या आधी काठी टेकत वाकली आणि टोपलीत बघितलं.

"फुल्यो खंय गेल्यो?"

"अगं, एक फुटलं होतं. सगळी बरबटली होती. मी धुतली."

"धुतलंस?" ती पलंगावर बसली. "थंड पाण्यान? साबणान?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसलेली अंडी कोण धुता गो? साबण आत जाता, सगळा कुसता. तुका ती नकोच होती. माका ठावक आसा."

मुद्दाम केलं नाही, हे शंभर टक्के खरं होतं. नको होती, हेही खरं होतं. पहिलं सांगायचं तर दुसरं लपवावं लागलं असतं, आणि तिला लपवालपवी लगेच कळते. एरवी कोणाही ग्राहकाला मी पाच मिनिटांत गप्प करते, त्या दुपारी मी मोबाईल घेऊन बसले.

नेटवर शोधलं. टॉर्चवर अंडं धरलं की आतलं दिसतं म्हणे. मी मोरीचं दार लावून, दिवा बंद करून, मोबाईलचा टॉर्च लावला आणि मूठ करून त्यावर पहिलं अंडं धरलं. आत तांबड्या रेषा होत्या, केसाएवढ्या, एका काळ्या ठिपक्यातून सगळीकडे पसरलेल्या. आणि तो ठिपका हलत होता. मी अंडं तसंच धरून आईला हाक मारली. गुडघे धरत ती आली, मोरीत आम्ही दोघी दार लावून उभ्या.

"हलता गो!" ती म्हणाली. इतका वेळ धरलेला राग तिच्या आवाजातून क्षणभर गेला. "जीव आसा. बघ, जीव आसा!"

अकरापैकी दहांत जीव होता. एक अंडं नुसतं पिवळं उजळलं, ते पांढरीचं. दहा फुल्या आईनं स्वतः परत मारल्या. माझा मात्र त्या दिवसापासून पक्ष बदलला. एकदा तो ठिपका हलताना बघितल्यावर नको म्हणायचं कसं? आता मला ती दहाच्या दहा हवी होती. आई चुकली हे सिद्ध करायला हवी होती, आणि नुसतीही हवी होती.

तेराव्या दिवशी रविवार होता, गणपतींची आगमनं सुरू झाली होती. परळच्या कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती आमच्या रस्त्यानं जातात. ढोल, ताशे, फटाके, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी घरातल्या सगळ्या गोधड्या काढून खिडकीत आणि दाराच्या फटीत कोंबल्या, एक ओट्यावरून खाली सोडली आणि चार तास त्या अंधाऱ्या, गुदमरलेल्या खोलीत घामाघूम होऊन बसले. मैत्रिणीचा फोन आला, "अगं, आगमन बघायला ये ना, काय घरात बसलीयस?" मी म्हटलं, कोंबडी बसलीय. ती हसतच सुटली. तांबडी जागची हलली नाही. आई जपमाळ घेऊन बसली होती, पण माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

सतराव्या दिवशी कुजकट वास आला. मी तो नाकारला. तांबडीचाच असेल, गटाराचा असेल. एकोणिसाव्या दिवशी, एका गृहस्थांचा क्लेम का नाकारला हे मी त्यांना समजावत असताना, ओट्याखाली फट् असा आवाज झाला आणि खोलीभर जो दर्प सुटला त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गृहस्थांना वाटलं मी त्यांच्यासाठी रडतेय. ते एकदम मऊ झाले.

पिल्लं बाहेर यायचा एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. मी दर तासाला कान लावत होते. चोविसाव्या दिवशी आईनं वर्तमानपत्र पसरलं आणि उरलेली नऊ अंडी एकेक करून फोडली. सहांत नुसतं काळं पाणी. दोनांत अर्धवट काहीतरी. एकात अख्खं पिल्लू होतं, चोच, ओली पिसं, मिटलेले डोळे. आईनं ते तळहातावर घेतलं, बोटानं पुसलं आणि कागदात गुंडाळलं. मी शिव्यांची वाट बघत होते. तीन दिवस आमच्या घरात फक्त तांबडीचा आवाज होता, कारण ती रिकाम्या टोपलीवरून उठायला तयार नव्हती.

चौथ्या दिवशी काकू आल्या. मी सिंकपाशी होते, दाराकडे पाठ.

"काय हो, पिल्लं कुठायत?" काकूंनी विचारलं. "एवढा महिनाभर तुम्ही आवाज करू दिला नाही आम्हाला."

आता ती सांगणार. चाळभर होणार. इन्शुरन्सवालीनं अंडी साबणानं घासली, म्हणून लोक पुढची दहा वर्षं हसणार. सांगू दे, असंही वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

"खंयची पिल्ला?" आई म्हणाली. "तो कोंबडो म्हातारो झाल्लो. म्हाताऱ्याच्या अंड्यांत जीव खंयसून येतलो? पोरीन बिचारीन जीव काढल्यान तांबडीच्या पाठी."

काकू चुकचुकल्या आणि दुसऱ्या विषयावर गेल्या. मी वळले नाही. मी जीव काढला, हे तिनं मला तोंडावर का सांगितलं नाही, याचा मला राग आला, आणि रडूही आलं. मोरीत माझ्या खांद्याला धरून, जीव आसा म्हणून ओरडली होती ती हीच बाई. आणि कोंबडा दीड वर्षाचासुद्धा नव्हता.