अकरा हातांचं माप घेऊन औरंगपुऱ्यात

शाळेचं सामान आणायला शहरात जायचं, तर आधी यादी, मग ठराव, मग पुन्हा यादी, असं आमच्या गुरुजींचं महिनाभर चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, तुमची यादी होईस्तोवर पहिलीची पोरं पाचवीला जातील. मी आणि मॅडम शुक्रवारी निघतो." ठरलं.

शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष. का, तर त्या मीटिंगला बायांतली मी एकटीच वेळेवर पोचले होते. शिक्षण म्हणाल तर दुसरी. तिसरीत चार दिवस बसले, मग घरच्यांनी हातात म्हशीचं दावं दिलं. धंदा शिवणकामाचा. हे सगळं मी मोबाईलला बोलून सांगते, तो लिहितो, चुका भाची काढते. मागं बचत गटाच्या सहलीचं लिहिलं होतं, तेव्हा चार गावच्या बायांनी फोन करून गाड्यांची वेळ विचारली. म्हणून ह्या वेळी गाडी, भाडं, दुकान सगळं नीट सांगते. तुमच्या गावालाबी शाळा असंलच.

गेल्या साली सामान फोटो बघून मागवलं होतं. कात्र्या आल्या त्या माझ्या बोटांत बसल्या. पहिलीच्या पोराचा अख्खा पंजा त्या कड्यातून जायचा. मी म्हटलं, आता नाय. ब्लाऊज शिवायला बाई आली की मी आधी टेप काढते, मग कापडाकडं बघते. पोरांचं सामान बिनमापाचं कसं काय आणायचं?

म्हणून गुरुवारी पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. जुने पेपर पसरले. एकेका पोराचा हात ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली आणि कापून घेतले. कागदाचे दहा हात. मागं साळवे मॅडमनी नावं लिहिली. ह्या आमच्या नव्या मॅडम, दोन वर्षं झाली येऊन. तोंडानं मऊ, पण कामाला वाघीण.

अकरावा हात घ्यायला तनूच्या घरी जावं लागलं.

तनू सहा वर्षांची. दिवाळीत तिचा उजवा हात चारा कापायच्या कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. अंगठा आणि करंगळी राहिली. जखम भरली, पण पोरगी शाळेत येईना. तिची आई रेखा म्हणते, पोरं बघत बसतात, पेन्सिल धरता येईना, कशाला पाठवायची? मी पेपर अंथरला तशी तनूनं झटकन डावा हात ठेवला. मी म्हटलं, "हा नाय गं, दुसरा." तिनं तो फ्रॉकच्या खिशात घातला. मला उशीर होत होता. मीच मनगट धरून काढला, कागदावर ठेवला, पेन्सिल फिरवली.

रेखा दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "हिच्या हातात बसंल असलं काहीतरी घेऊनच येते. सोमवारी पोरगी शाळेत पाठव."

"पाठविते, अक्का. एकदाच. रडत आली तर परत माझ्या दारात शाळेचं नाव काढू नका."

ह्या बोलीवर मी निघाले.

शुक्रवारी सकाळी सातला पाचोडच्या फाट्यावरून एसटी. बायांना अर्धं तिकीट, पन्नास रुपयांच्या आत काम. रस्ता आता असला गुळगुळीत की चहा प्यायला तरी सांडायचा नाय. आडूळ गेलं, झाल्टा फाटा आला, आणि दोन तासांच्या आत मध्यवर्ती स्टँडला उतरलो. खिचडी-भजं खाल्लं. भजं थंड होतं, ते मी हॉटेलवाल्याला सांगितलं. त्यानं गरम दिलं. सांगायला लाजायचं नसतं.

एक ध्यानात ठेवा: औरंगपुऱ्यातली वह्या-पुस्तकांची दुकानं साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत. आम्ही साडेनवालाच जाऊन पायरीवर बसलो. मॅडम म्हणाल्या, "काकू, मी म्हटलं होतं ना?" व्हय, म्हटलं होतं.

पहिल्या दोन दुकानांत मन रमलं नाय. सगळा माल भिंतीवर लावायचा, झळझळीत. एका तक्त्यावर एडका निळा होता. मी विचारलं, "असला एडका कुठं असतो?" दुकानदार म्हणाला, "मावशी, शाळेत कोण एवढं बघतं?" मी म्हटलं, "पोरं बघतात," आणि खाली उतरले.

तिसरं दुकान गल्लीच्या आत, अंधारं, छतापर्यंत खोकी. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा. मी पिशवीतून कागदाचे हात काढून काउंटरवर ओळीनं मांडले.

चाचांनी चष्मा वर केला. "ये क्या लाये बाई?"

"गिऱ्हाइकं आणलीत. ह्यांना दाखवा सामान."

"वा! चालीस साल में पहले गिराकां देखा, जो भाव नई करते!"

आणि काय सांगू, त्या माणसानं खरंच कागदाच्या हातांना सामान दाखवलं. एकेक वस्तू उचलायची, हातावर ठेवायची, बोटं मोजायची. गोल टोकाच्या कात्र्या, त्या पोरांच्या दोन बोटांत बसतील अशा. तिकोनी जाड पेन्सिली, बोटं घसरत नाहीत म्हणून. मणी घेताना मी बारीक मागितले, तर म्हणाले, "नक्को. पैली का बच्चा नाक में डालता." अनुभवाचा माणूस. पाटी घेताना त्यांनी पत्र्याची कड स्वतःच्या गालावर फिरवून बघितली. माझ्या धंद्यात मी सुई-दोऱ्याला इतकी जपत नाय. माझं मन भरून आलं, पण तोंडावर म्हटलं, "बिल पक्कं द्या, शाळेचं आहे."

मग अकरावा हात. चाचांनी तो उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ये कट गया क्या कागज?"

"नाय. हात तसाच आहे. कडबा कुट्टी."

चाचा शिडी लावून स्वतः माळ्यावर चढले. पाऊण तास खोकी खाली येत होती. अंड्यासारखे मेणाचे रंग, मुठीत धरायचे. रबराची नळी, पेन्सिलीला घालून जाड करायची. एक कडीवाली पेन्सिल, बोटात अडकवायची. धूळ झटकत म्हणाले, "बच्ची को दे के देखो. नई चला तो वापस लाव, मैं कुछ नई बोलता."

मी सगळं घेतलं. तिथंच मी माझा अंगठा आणि करंगळी सोडून बाकीची बोटं रुमालानं बांधली आणि एकेक धरून बघितलं. कडीवाली गळून पडली. नळीवाली फिरली. अंडं धरता आलं, पण रेघ काढायला गेले की निसटायचं. मॅडम बघत होत्या. म्हणाल्या, "सवय झाली की जमेल तिला." त्यांचा आवाज मला पटला नाय. माझाच मला पटत नव्हता.

मुक्काम मुकुंदवाडीला बहिणीकडं. तुमचं कोणी नसलं तर स्टँडच्या आसपास लॉज आहेत, पण खोली आधी बघा, मग पैसे द्या.

शनिवारी पडेगाव. खरं तर मला जायचं नव्हतं, सामान झालं होतं. पण साळवे मॅडम डी.एड.ला असताना ज्यांच्या वर्गावर शिकवायला शिकल्या, त्या खरात बाई तिथल्या शाळेत आहेत. मॅडम म्हणाल्या, "एकदा त्यांचा वर्ग बघा, काकू. मग म्हणा काय म्हणायचं ते." शनिवारची शाळा सकाळची, म्हणून आठच्या आत पोचायचं. छावणीतून दौलताबादच्या रस्त्याला लागायचं. आम्ही शेअर रिक्षानं गेलो. मागं तिघी बसतात, चौथीला रिक्षावाला बसवतो, तेव्हा भांडायचं.

वर्गात पाऊल टाकलं आणि मी बोलायचीच थांबले. असं माझं कधी होत नाय.

खोलीच्या भिंती खालून कमरेपर्यंत काळ्या. फळ्याचा काळा रंग, चारी बाजूंनी. त्याच्यावर पोरांचं रान. एक पोरगं घर काढतंय, दुसरी त्यात गाय घालतेय, तिसरा गायीवर आपलं नाव लिहितोय. वर सुतळीला गोष्टीची पुस्तकं लटकवलेली, पोरांच्या हाताला येतील इतकी खाली. पुस्तकं फाटलेली आणि पुन्हा शिवलेली. मी जवळ जाऊन टीप बघितली. मशीनची टीप, दुहेरी, कुठं धागा सुटलेला नाय. मोजायला चिंचोके, झाकणं, खडे. विकत आणलेलं म्हणाल तर खडू आणि तो रंग. आणि गडबड! पण त्या गडबडीत एकही पोरगं रिकामं नव्हतं.

खरात बाई बुटक्या, पायात स्लीपर, पदर खोचलेला. रिटायर व्हायला आलेल्या. मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडं कपाट कुठंय?"

"कपाट आहे. त्यात माझा डबा असतो."

मी त्यांना कागदाचे हात दाखवले. लई खुश झाल्या. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत असं कोणी माप घेतलेलं बघितलं नाय. मला बरं वाटलं. मग मी तनूचा हात दिला, सगळी कहाणी सांगितली, आणि अंड्याचा रंग पुढं केला.

त्यांनी हात बघितला. "दुसरा कुठंय?"

"दुसरा कशाला? तो धड आहे."

"मापाला बसल्यावर पोरीनं कोणता हात पुढं केला?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. शेवटी सांगावं लागलं. डावा केला होता. मी नको म्हटलं.

"म्हणजे गिऱ्हाईक काय मागतंय ते तुम्ही ऐकलंच नाय," बाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण लागलं. पस्तीस वर्षं मी माप घेतेय. कोणी बाई म्हणाली गळा मोठा ठेव, तर मोठा ठेवते. आणि ह्या पोरीचं मनगट धरून मी तिनं खिशात लपवलेला हात ओढून काढला. दिवसभर त्या हाताला दुकानं दाखवली.

बाई पुढं म्हणाल्या, "डाव्या हाताला आज वही दिली तरी तिला रडवालच. बोटांना सवय नाय. त्या हाताला आधी मोठं काढू द्या. खांद्यातून. उभं राहून, चालत. ह्या भिंती त्यासाठी आहेत. बोटं मागून येतात." मग त्यांनी मलाच खडू दिला, डाव्या हातात. पाटीवर अ काढायला लावला. खेकडा झाला. मग भिंतीवर काढायला लावला, हाताएवढा मोठा. आला! वाकडा, पण अ. आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक पोरगी म्हणाली, "आजी, अजून काढ." मी आजी नाय, पण काढले.

तिथून रिक्षा पकडून थेट चाचांकडं. कडीवाली आणि नळीवाली परत केली. अंडी ठेवली, दुसरी पोरं मुठीत धरतील. चाचांनी तोंड वाकडं केलं नाय, उलट विचारलं, "फिर बच्ची का क्या?" मी सांगितलं. ते उठले, दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि आम्हाला रंगाच्या दुकानापर्यंत घेऊन गेले. "फळ्याचा काळा रंग" असंच मागा, साधा काळा देतील तर घेऊ नका, त्याच्यावर खडू उठत नाय. आम्ही दोन डबे घेतले, जाड खडूंचे खोके घेतले. येताना गुलमंडीजवळ इमरती खाल्ली. गरम खा, बांधून आणू नका, मऊ पडते.

एसटीत डबे मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, रंग सांडला तर?" म्हटलं, "सांडला तर तुझ्या गाडीत शाळा भरंल."

रविवारी गुरुजी, मॅडम आणि मी, तिघांनी भिंती रंगवल्या. गुरुजी आधी कुरकुरले, वरून परवानगी, रजिस्टर वगैरे. मग त्यांनीच ब्रश घेतला आणि असली सरळ कड मारली की मला त्यांचं कौतुक करावं लागलं. तीन भिंती झाल्या, रंग संपला.

सोमवारी रेखा तनूला घेऊन आली आणि फाटकातच उभी राहिली. घरी नेऊ का, असा चेहरा. तनूचा उजवा हात खिशात. मी कोणालाच काही बोलू दिलं नाय. दहा पोरं भिंतीला चिकटलेली होती. तनू बराच वेळ बघत राहिली. मग खोक्यातून डाव्या हातानं खडू उचलला, दारापाशी भिंतीला टेकवला आणि चालायला लागली. रेघ ओढत. पोरांना ढकलत. कोपरा वळली, तरी रेघ सोडली नाय.

एक पोरगं ओरडलं, "मॅडम, हिनं माझ्या शेळीवरनं रेघ मारली!"

तनू म्हणाली, "मग शेळी उचल की तुझी."

फाटकातून रेखाचं हसू ऐकू आलं. मी तिकडं बघितलं नाय.

ह्या सगळ्यातून मला काय मिळालं, असं भाचीनं विचारलं. तिच्या मते प्रवासवर्णनात ते लागतं. तर एवढंच सांगते, की आता बाई मापाला आली की मी टेप गळ्यातच ठेवते आणि आधी तिला बोलू देते. दोन मिनिटं जास्त जातात. मला ती जड जातात, पण देते. आणि पडेगावला जा. औरंगपुरा नंतर करा, आधी एखादा चालता वर्ग बघा, म्हणजे अर्धं सामान घ्यायची गरजच पडत नाय.

मंगळवारी फाटकात रेखा नव्हती. तनू एकटीच आली, आणि उशिरा आली म्हणून मॅडमची बोलणी खाल्ली.