आठ महिने मी फोन का केला नाही

डॉक्टर मॅडमनी पेनाला टोपण लावलं, फाइल बंद केली आणि म्हणाल्या, "सुमनताई, तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुम्हाला ॲस्पर्गर सिंड्रोम आहे."

मी टोपणाकडे बघत होते. पेन निळं होतं आणि टोपण काळं. ते दुसऱ्या पेनाचं होतं, आणि माझ्या मनात तेच चाललं होतं. माझ्या शेजारी माझे मालक बसले होते. नशिराबादला ते ट्रकमध्ये केळी भरायचं काम करतात आणि त्या दिवशी खाडा करून आले होते. ते म्हणाले, "मॅडम, तिले वेड शे का नही, तितलंच सांगा."

"नाही म्हणाले ना," मॅडम म्हणाल्या. "जन्मापासून यांचं डोकं वेगळ्या पद्धतीने चालतं. आता याला ऑटिझम स्पेक्ट्रम म्हणतात, ॲस्पर्गर हे जुनं नाव. हा आजार नाही, म्हणून याला गोळी नाही."

माझं वय तेव्हा सेहेचाळीस होतं. सेहेचाळीस वर्षं मी खडूस, मख्ख, गर्विष्ठ आणि अर्धवट होते. आता मला एक सरळ नाव मिळालं. मला ते आवडलं. घरी जाताना बसमध्ये मी ते मनातल्या मनात म्हणत होते.

ही वही मनीषाच्या शाळेची उरलेली आहे. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. पण कधी कोणाच्या हाती लागली आणि तीही माझ्यासारखीच असली, तर तिने शेवटपर्यंत वाचावं.

दवाखान्यात मी आपणहून गेले नव्हते. मनीषा माझी एकुलती एक मुलगी. तिला धुळ्याला दिली आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही तिच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा तिच्या सासूबाईंनी शेवभाजी केली होती. आठ-दहा पाहुणे होते. विहीणबाईंनी मला विचारलं, "कशी झाली भाजी?" मी सांगितलं, "मीठ जास्त झालंय आणि तेल जुनं आहे."

त्यांनी विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मनीषाचा फोन आला. ती रडत होती. "मम्मी, तू मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. यापुढे मला फोन करू नकोस. माझ्या घरी येऊ नकोस."

मी म्हटलं, "बरं."

त्या दिवसापासून मी फोन केला नाही.

दोन-तीन महिन्यांनी मालकांनी सांगितलं की मनीषाला दिवस गेले आहेत. मला आनंद झाला. मी तिच्यासाठी गहू निवडून ठेवले. पण फोन केला नाही. ते म्हणायचे, "अवो, बोल ना तिच्याशी." मी म्हणायचे, "तिने नको सांगितलंय." त्यांना वाटायचं मी रुसले आहे. मनीषाला वाटायचं मला तिची गरज नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, पण तिच्या सासूबाई म्हणाल्या, "ती बाई ताळ्यावर नाही. कोवळं पोर तिच्या हातात कसं द्यायचं?" मग मनीषाने तिच्या पप्पांना सांगितलं, "आधी मम्मीला डॉक्टरला दाखवा. मग बघू."

म्हणून मी गेले. मनीषा बाळंतपणाला माझ्याकडे येते की नाही, हे त्या तपासणीवर होतं.

आधी रक्त तपासलं. थायरॉइड बघितलं, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं काम. सगळं ठीक निघालं. मग मनाच्या डॉक्टरांकडे जळगावला पाठवलं. तिथे चार वेळा जावं लागलं. याला ॲसेसमेंट म्हणतात, म्हणजे समोर बसवून केलेली विचारपूस. ना सुई, ना मशीन.

बाहेर बसायची जागा मात्र वाईट होती. एक ट्यूबलाइट घूं घूं करायची, टीव्ही चालू असायचा, लहान मुलं रडायची. तिसऱ्या खेपेला मी जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मॅडम मला शोधत तिथे आल्या. मी म्हटलं, आता लिहितील वेडी. त्यांनी विचारलं, "ट्यूबचा आवाज होतोय का?" आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या की याला सेन्सरी ओव्हरलोड म्हणतात. कानाडोळ्यांतून येतं ते सगळं एकदम आत शिरतं आणि डोक्यात मावत नाही. ही वही वाचणाऱ्या बाई, तुम्हालाही असं होत असेल तर घाबरू नका. कानात कापूस घाला. मी लग्नघरी मांडे, म्हणजे उलट्या मातीच्या खापरावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळ्या, करायला जाते, तिथे बँड वाजतो, म्हणून वीस वर्षं मी कापूस घालून सगळ्यांकडे पाठ करून खापरापाशी बसते. बायका म्हणतात, काय तोरा आहे. पण माझा मांडा हातावर फिरताना एकदाही फाटत नाही, हेही त्याच बायका सांगतात.

मॅडमसमोर मला बोलता येईना. त्या म्हणाल्या, "मग लिहून आणा." मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. "मला कुठे निबंध हवाय?" त्या म्हणाल्या. मी सहा पानं लिहून नेली. चौथीनंतर मी हाती लागेल ते वाचत आले आहे. फडताळात अंथरलेले पेपर, औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या पाट्या. ते कधी तरी उपयोगी पडायचं होतं.

लहानपणाचं सांगायला सोनगीरहून माझी मोठी बहीण, अक्का, आली. ती खुर्चीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हाई लहानपणपासून अशीच शे. बठ्ठ्या पोरी खेयेत, हाई कोपरामा गहू निवडत बसे. सांगं तितलंच करस."

सांगेल तेवढंच करते, हे शेवटचं वाक्य मॅडमनी दोनदा विचारून लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "शाळा का सुटली?"

मी सांगितलं. पाचवीचा पहिला आठवडा होता. गुरुजींनी फळ्यावर एक गणित सोडवलं. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही काल वेगळी रीत सांगितली होती. वर्ग हसला. गुरुजींचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "एवढं कळतं ना? मग उद्यापासून शाळेत येऊ नको." दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. वडिलांनी विचारलं, मी म्हटलं, गुरुजींनी येऊ नको सांगितलंय. वडिलांना वाटलं, शाळेने काढलं. गुरुजींना वाटलं असेल, घरच्यांनी थांबवलं. कोणी कोणाला विचारलं नाही.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "तुले शाळा आवडत नव्हती ना वं?"

"आवडत होती," मी म्हटलं.

मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि मुलीला फोन का करत नाही?"

"तिने करू नको सांगितलंय."

मालकांनी कपाळाला हात लावला. मॅडम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, या रुसलेल्या नव्हत्या. यांनी फक्त ऐकलं होतं."

हे वाक्य मी घरी आल्यावर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. माझ्यासारखी माणसं असंच वागतात, मॅडम म्हणाल्या. शब्द आला की तोच अर्थ धरतात. त्याच्या मागचा राग, लाड, टोमणा वेगळा काढायला त्यांना वेळ लागतो, कधी निघतच नाही. त्यांनी मला एक उपाय सांगितला. कोणी तोडून बोललं की विचारायचं, "खरंच, की रागाने?"

मला राग आला. मी म्हटलं, "मीच का विचारायचं? लोकांनी सरळ बोलायला काय होतं?"

"काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ते बोलणार नाहीत. तोवर तुमचं नुकसान होतं, त्यांचं नाही."

हे मला पटलं, पण अर्धंच. आजही अर्धंच पटतं.

त्या संध्याकाळी साडेसातला मी मनीषाला फोन लावला. साडेसात ही तिच्या फोनची वेळ होती. तिने उचलला. मी आधी लिहून ठेवलेलं वाचून दाखवलं. "मनीषा, तू फोन करू नकोस म्हणालीस म्हणून मी केला नाही. मला वाटलं तुला ते हवंय. मी आठ महिने रोज साडेसातला फोनजवळ बसत होते."

मी फोन कानापासून काढून बघितला, चालू आहे का.

"मम्मी," ती म्हणाली, "असं कोणी खरं समजतं का गं?"

"मी समजते. तुला काय हवंय ते मला सरळ सांग."

तिने नाक ओढलं. "मला घ्यायला ये."

हे कळायला सोपं होतं.

सातव्या महिन्यात मी धुळ्याला गेले. ओटी भरायची होती, घर बायकांनी भरलं होतं. माझ्या कानात कापूस होता. विहीणबाई आधी बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ते दवाखान्याचं इथे काढू नका." मग बाहेर सगळ्यांना सांगू लागल्या, "आमच्या विहीणबाईंची तब्येत जरा बरी नसते."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. दहा माणसांत मी कधी बोललेली नाही. पण मी म्हटलं, "माझी तब्येत चांगली आहे. मला ॲस्पर्गर आहे."

"ते काय असतं?" एक जण म्हणाली.

"तुम्ही जे बोलता ते मी खरं मानते. आणि मला विचारलं तर मी खरं सांगते."

 कोपऱ्यात एक म्हातारी पान कुटत होती. ती म्हणाली, "मंग हाई तर बठ्ठासले व्हवाले पाहिजे." मग हे तर सगळ्यांनाच व्हायला हवं, हे ऐकून बायका हसल्या. मनीषाही हसली. ते हसणं माझ्यावर नव्हतं, हे मलासुद्धा कळलं.

जेवताना पुन्हा शेवभाजी होती. विहीणबाईंनी विचारलं नाही. वाढून समोर उभ्या राहिल्या. मीच म्हटलं, "खरं सांगू, की नुसती चांगली म्हणू?"

मनीषाने डोळे मिटून घेतले.

"सांगा बाई, आता काय राहिलंय," त्या म्हणाल्या.

"मीठ बरोबर आहे. तेल ताजं आहे. शेव आधी टाकली म्हणून नरम पडलीय."

 "शेव मी नाही, या बयेने टाकली," त्या म्हणाल्या आणि आपल्या धाकट्या जावेकडे बोट केलं. निघताना मात्र त्यांनी मला दाराशी अडवलं. "बाळाला हे येईल का हो?" त्या खरोखर घाबरल्या होत्या, म्हणून मी टाळलं नाही. मॅडमनाही मी हेच विचारलं होतं. कधी कधी घराण्यात चालतं, सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. ते सांगून मी म्हटलं, "आलं तर येऊ दे. त्याच्याशी कसं बोलायचं, ते आता आपल्याला माहीत आहे."

काही माणसं आता सांगतात, थोडं बदल स्वतःला. मी कापूस काढणार नाही. भिंतीकडे तोंड करूनच मांडे करणार. कोणाच्या मयताला मला मोठ्याने रडता येत नाही, मी तिथली भांडी घासते, आणि यापुढेही घासीन. मला पश्चात्ताप आहे, नाही असं नाही. शाळेचा आहे. त्या आठ महिन्यांचा आहे. मनीषाच्या पोटात बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा तिने ते मला सांगितलं नाही, कारण मी गप्प होते. ते परत येणार नाही. पण मी जशी आहे त्याचा पश्चात्ताप मला नाही. मी कोणाचं वाईट केलेलं नाही. मी ऐकलं होतं. जिना उतरून मला शोधायला आलेल्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही, आणि खाडे करून चारही वेळा बरोबर आलेल्या मालकांचेही.

मनीषा बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा आम्ही तिला जळगावला नेलं. दवाखान्यात एका बाईला आत सोडत होते. मी गेले. ती पलंगाचा गज धरून ओरडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले, एकाच लयीत, पीठ मळते तसा. तिने माझा हात झटकला.

"जा गं मम्मी! जा इथून! मला कोणी नको!"

मी उठले. दारापर्यंत गेले आणि कडीला हात लावला. मला वर्गाचं दार आठवलं. तिथून मी दप्तर घेऊन बाहेर पडले तेव्हा एकदाच मागे बघून विचारलं असतं, तर गुरुजी काय म्हणाले असते, मला माहीत नाही.

मी वळले. "मनीषा, खरंच जाऊ, की कळा येताहेत म्हणून बोलतेस?"

नर्स बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. मनीषा रडत रडत ओरडली, "कळा येताहेत म्हणून! बस तिथे!"

मी बसले.