घर शिकवणारे सर

वर्गात शिरले की आधी फळ्यावर घर काढायचे. चार रेघा, छप्पर, दार. मग हातांवरचा खडू झटकत म्हणायचे, "राज्य म्हणजे घर, बरं का!" विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत, मी मराठी. राहायलाही शेजारीच. माणूस मोठा गोड. असे गोड सर तुम्हीही पाहिले असतील.

कराडकडच्या एका पोरानं त्यांना वर्गात विचारलं, "सर, आमच्यात आज्जा चुकला की आई चूलच पेटवत न्हाई. आज्जा कबूल करंस्तवर सगळी उपाशी. राज्यात असं चालंल का?" सरांनी त्याची पाठ थोपटली आणि स्टाफरूममध्ये आम्हाला भंडावून सोडलं. "काय उदाहरण दिलंय लेकानं! चालेल काय, चाललंच पाहिजे!" पुढं प्रत्येक वर्गात हेच उदाहरण.

मग आणीबाणी आली. पोरानं तीच गोष्ट चौकात उभं राहून लोकांना सांगितली. वर म्हणाला, "आता आपणबी चूल बंद करूया." पोलिसांनी तिथल्या तिथं उचललं.

त्याचा बाप फौजेतून निवृत्त झालेला. सरांच्या दारात चपला काढून उभा राहिला. मी कुंपणापाशीच होतो.

"सर, तुमी नुसतं सायबाकडं चला. म्हणा, ह्ये मीच शिकवलंय. पोरगं सुटंल, परीक्षेला बसंल."

"अहो, वर्ग वेगळा, चौक वेगळा. घरातलं चव्हाट्यावर न्यायचं नसतं."

"आवं, पर शिकवलं तुमीच न्हवं?"

सरांनी दार लावून घेतलं. त्या माणसाबरोबर मग मी गेलो. मराठीच्या मास्तरला तिथं कोण हिंग लावून विचारतो!

आणीबाणी उठल्यावर पोरगं सुटलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. माधवनगरच्या एका गिरणीत लागलं. सर मात्र सभांमधून स्वातंत्र्यावर बोलू लागले, हार घालून घेऊ लागले. असा संताप यायचा, की माझा मलाच आवरत नसे. पण ते पोरगं सायकलवरून येताना दिसलं, की अंगणातले सर झटकन आत. स्वतःच्या दारात उभं राहायची चोरी झाली होती त्यांना. बघून बरं वाटायचं, आणि वाईटही.

पुढं सर कायमचे पुण्याला निघाले. ट्रक भरत होता, सर आधीच केबिनमध्ये जाऊन बसलेले. पाळी संपवून पोरगं आलं, सायकल भिंतीला टेकवली आणि कुणी न सांगता पुस्तकांच्या पेट्या चढवू लागलं. शेवटी केबिनच्या खिडकीखाली येऊन म्हणालं, "सर, वर ताडपत्री टाकलीया. पुस्तकं भिजायची न्हाईत."

सर समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले.